मेट्रनबाईंची चुकीची पट्टी

चंदीगडच्या सेक्टर चव्वेचाळीसमध्ये जाऊन ‘शैलजा सातपुते कुठे राहतात?’ असं विचारलंत, तर लोक नुसती मान हलवतील. ‘मेट्रन साहब’ म्हणून विचारा, मग बघा. भाजीवाला हातातला तराजू ठेवून तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल, आणि जाता जाता स्वतःची नखं कापलेली आहेत ना ते एकदा पाहून घेईल. बाई सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्या त्याला दीड तप उलटलं, पण मेट्रनपद त्यांनी काही उतरवून ठेवलं नाही. कोणाच्या गच्चीवर चादर वाळत असली तरी तिचा कोपरा वाकडा दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. आणि हे सगळं त्या गोड हसून करतात, म्हणून तर लोक जास्त घाबरतात.

अशा या बाई त्या जानेवारीत एका खाजगी रुग्णालयाच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, आणि त्यांचं काही म्हणजे काही चालत नव्हतं. पलंगावर ब्रिगेडियर विश्वनाथ सबनीस भिंतीकडे तोंड करून पडले होते. हेही निवृत्तच. एकेकाळचे सैन्यातले नामांकित सर्जन, वय शहाऐंशी. न्यूमोनियानं आणलं होतं त्यांना इथे. तो बरा झाला, ताप गेला, छाती मोकळी झाली, रिपोर्ट सगळे चोख आले. पण साहेब उठेनात. “पायात ताकद नाही,” एवढंच म्हणायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रोज यायची आणि रोज हात हलवत परत जायची.

पुण्याहून साहेबांचा मुलगा शिशिर आला होता. पन्नाशीचा, सज्जन, आणि सज्जन माणसं असतात तसा काळजीनं अर्धा झालेला. धुक्यानं त्याचं विमान दिल्लीला अडकवलं, पुढे चंदीगडच्या वेशीवर झिरकपूरच्या गर्दीत टॅक्सी अडकली, आणि इथे येऊन बघतो तर बाप हलायला तयार नाही. त्यानं बाईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“काकू, बाबा असेच पडून राहिले तर मी त्यांना इथे एकटं कसं ठेवू? पुण्याला न्यावंच लागेल. आमच्या घराजवळ एक चांगलं केंद्र आहे, चोवीस तास माणसं असतात.”

“बरोबर आहे तुझं,” बाई म्हणाल्या. त्यांनी मनाशी हिशेब केला तो अगदी सरळ. साहेब उठले तर राहतील, नाही उठले तर जातील. म्हणजे साहेबांना उठवायचं. आता हिशेब इतका सरळ निघाला की तो पुन्हा तपासायचा असतो, हे बाईंनी आपल्या हाताखालच्या नर्सेसना हजारदा सांगितलं असेल, पण स्वतःच्या वेळी कोणाला आठवतंय?

साहेब गेले तर बाईंचं असं काय जाणार होतं, ते आधी सांगायला हवं. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात शैलजा सातपुते बावीस वर्षांच्या होत्या. मिरजेत नर्सिंग शिकलेल्या, खांद्यावर लेफ्टनंटचे नवेकोरे तारे, आणि नेमणूक कुठे, तर पंजाबच्या सरहद्दीजवळ एका शाळेत थाटलेल्या फील्ड हॉस्पिटलात. फळ्यावर मुलांची गणितं तशीच लिहिलेली, त्याखाली जखमी जवान ओळीनं झोपवलेले. सर्जन होते मेजर सबनीस. त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंनी बांधलेलं बँडेज कात्रीनं कापून त्यांच्या पायाशी टाकलं. “सिस्टर, हे बँडेज आहे की मुंडावळ्या?” बाहेर तोफा धडधडत होत्या आणि आत बाई रडत रडत तेच बँडेज पुन्हा पुन्हा बांधत होत्या, साहेबांचं समाधान होईपर्यंत. त्या आठवड्यात शाळेच्या मैदानात गोळा पडला, खिडक्यांच्या काचा उडाल्या, तेव्हा साहेब टेबलावरच्या जवानावर ओणवे झाले आणि बाई साहेबांच्या पाठीवर. धुरळा बसल्यावर साहेब पहिलं वाक्य काय बोलले असतील? “सिस्टर, हात हलला ना माझा. टाका वाकडा गेला.”

पुढे बाईंनी लेह पाहिलं, आसाम पाहिलं, लखनौ पाहिलं. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायच्या, सांभाळायला वॉर्डभर पुरुष आहेत, आणखी एक कशाला? वाढत वाढत मेट्रन झाल्या. पाहणीला आलेल्या मंत्र्याला त्यांनी बूट काढल्याशिवाय आत घेतलं नाही. पाय हलत नाही म्हणून आठवडाभर पडून राहिलेल्या एका जवानाच्या पलंगाखाली त्यांनी साप असल्याचं शांतपणे जाहीर केलं, तेव्हा तो शेजारच्या टेबलावर उभा सापडला. ढोंग्यांना तर त्या दारातूनच ओळखत. कारगिलच्या उन्हाळ्यात मात्र हसण्यासारखं फार नव्हतं. व्हरांड्यात स्ट्रेचरला स्ट्रेचर लागलेले, त्यांच्या हाताखालच्या मुली उभ्या उभ्या झोपत होत्या. बाई चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून पोटभर रडायच्या, तोंड धुवायच्या, केस नीट करायच्या आणि बाहेर येऊन मुलींना म्हणायच्या, “चला, कोणाची गादी बदलायची राहिली आहे?”

निवृत्तीनंतर दोघंही चंदीगडला स्थायिक झाले, ते काही ठरवून नव्हे. सबनीसवहिनी होत्या तोवर तिघांचा चहा असे, त्या गेल्यावर दोघांचा. रोज दुपारी बाई साहेबांकडे जायच्या, रमीचे डाव व्हायचे, आणि रोज त्या एकाच डिसेंबरावरून भांडण. तिथल्या एका हवालदाराचा जखमी पाय डावा की उजवा, गोळा आधी पडला की चहा आधी आला. ते दिवस पाहिलेलं दुसरं कोणी आता उरलंच नव्हतं. साहेब गेले की बाईंना ते सगळं एकटीनं आठवावं लागणार होतं, आणि चुकलं तर ‘मेट्रन, चुकताय’ म्हणायलाही कोणी असणार नव्हतं. त्या विचारानं बाईंना रात्री झोप लागत नव्हती. मात्र याबद्दल त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

त्यांना रुग्णालयात आणण्या-नेण्याचं काम ज्ञानदाकडे होतं. ज्ञानदा म्हणजे बाईंच्या भाचीची मुलगी, सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत संशोधक, राहायला बाईंकडेच. जन्म चंदीगडचा, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र अर्ध्याहून जास्त हिंदीत.

“आजी, आप सीधे बोल क्यूँ नहीं देतीं उनको? मत जाओ. बस.”

“मेट्रन विनंती करत नाही,” बाई गाडीच्या काचेतून गोल चक्कराकडे पाहत म्हणाल्या. “मेट्रन व्यवस्था करते.”

“मतलब कुछ गडबड करने वाली हो.”

“गाडी चालव.”

गडबडीची सामग्री त्या खोलीतच होती. शेजारच्या पलंगावर इंद्रजित सिंग नावाचे गृहस्थ होते. मुल्लानपूरकडची जमीन विकून आता स्वतःच इमारती बांधत होते, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि कंटाळून नुसते उसासे टाकत होते. बायकोनं आणलेल्या पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, डबा संपला की त्यांचा दिवस संपे. बाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन बेत सांगितला. इंद्रजितसिंगांचा चेहरा उजळला.

“मैडम जी, टांग चाहे तो काट लो. बोर बहुत हो रहा हूँ.”

काटायचं काही नव्हतं. बाईंना फक्त त्यांचा धडधाकट पाय हवा होता, आणि त्यावर बांधायची होती चुकीची पट्टी. आता तुम्ही म्हणाल, पट्टी चुकली तर असं काय मोठं? सबनीस साहेबांना विचारा. पट्टी खालून वर जाते, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला दोन तृतीयांश झाकतो, आणि पिन बाहेरच्या बाजूला येते, हाडावर कधीच नाही. उभ्या कारकिर्दीत साहेबांनी माणसांचे अनेक अपराध पोटात घातले, पण हा एक नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या बोटाला वाकडी चिंधी दिसली म्हणून ते पानावरून उठले होते. बाईंना साहेबांची ही नस पक्की ठाऊक होती.

पहिल्या दिवशी बाई इंद्रजितसिंगांच्या पायाशी बसल्या आणि गुडघ्याकडून घोट्याकडे पट्टी गुंडाळत सुटल्या. वरून खाली, सैल, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी सोडून. चुकीचं बांधायला किती कष्ट पडतात ते त्यांना त्या दिवशी कळलं, कारण हात आपोआप बरोबर दिशेला वळत होते. इंद्रजितसिंग अधूनमधून “हाय ओ रब्बा” करत होते, तेही जरा जास्तच. साहेबांनी भिंतीकडची मान वळवली. पाहिलं. कपाळावरची शीर टरारली. पांघरुणाखाली पायाची बोटं वळलेली बाईंना स्पष्ट दिसली. मग साहेबांनी डोळे गच्च मिटले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुसरा पाय घेतला. पिन थेट घोट्याच्या हाडावर मारली आणि टोकाला फुलासारखी गाठ काढली. साहेब पाठीवर वळले.

“मेट्रन,” ते म्हणाले, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे, सर.”

“डोळे तपासून घ्या एकदा.”

“घेते, सर.”

एवढंच. ज्या माणसानं मंडपात पान सोडलं तो माणूस पलंग सोडेना, तेव्हा मात्र बाईंचा धीर सुटत चालला. शिशिरनं पुण्याच्या त्या केंद्राचे फोटो त्यांना मोबाईलवर दाखवले होते. स्वच्छ होतं, हवेशीर होतं, नावं ठेवायला जागा नव्हती, आणि बाईंना ते बघून शिशिरच्या हातातला मोबाईल खिडकीबाहेर टाकावासा वाटला होता. घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. ज्ञानदानं विचारलं तर म्हणाल्या, मीठ जास्त झालंय. भाजी त्यांनीच केली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतला बाण काढला. वॉर्डच्या मुख्य सिस्टरला गाठून म्हणाल्या, “तुमच्या शिकाऊ मुलींना जुन्या जमान्याची पट्टी दाखवू का?” सिस्टर खूश झाली. पाच-सहा मुली इंद्रजितसिंगांच्या पलंगाभोवती गोळा झाल्या. इंद्रजितसिंगांनी मिशा नीट केल्या. बाईंनी पट्टी हातात घेतली आणि परेड मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीतून सुरुवात केली.

“देखो बच्चियों, ये पट्टी ऊपर से नीचे जाती है. ढीली रखनी है, हवा लगनी चाहिए. पिन बिल्कुल हड्डी के ऊपर. ये तरीका मेरा नहीं है. मुझे लड़ाई के टाइम एक बहुत बड़े सर्जन ने सिखाया था. फौज में इसको सबनीस बँडेज बोलते हैं. वो देखो, साहब वहीं लेटे हैं, नमस्ते करो.”

मुलींनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या साहेबांच्या पाठीला नमस्कार केला. एकीनं मोबाईल काढून त्या पट्टीचा फोटोही काढला.

पांघरूण उडालं. शहाऐंशी वर्षांचे ब्रिगेडियर सबनीस पलंगावरून उतरले, सपाता शोधायलाही थांबले नाहीत, आणि रुग्णालयाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात तरातरा चालत इंद्रजितसिंगांच्या पायाशी येऊन उभे राहिले.

“डिलीट करो,” ते त्या मोबाईलवाल्या मुलीला म्हणाले. “अभी.”

मग त्यांनी बाईंच्या हातातली पट्टी हिसकावली. बाई नम्रपणे बाजूला झाल्या. साहेबांनी ती वाकडी पट्टी सोडली, घट्ट गुंडाळून घेतली, आणि घोट्यापासून वर अशी काही चढवली की मुली बघतच राहिल्या. हात थरथरत नव्हते, पाय लटपटत नव्हते. एक पाय झाला, दुसरा झाला. एका मुलीकडून करून घेतलं, चुकली, पुन्हा करून घेतलं. मग त्यांची नजर इंद्रजितसिंगांच्या उशाशी लटकणाऱ्या रिकाम्या सलाईनकडे गेली, तिथून दाराकडे, आणि दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या मळक्या चादरींकडे.

“ये वॉर्ड है या धोबीघाट?” साहेब बाहेर पडले.

आणि मग राउंड सुरू झाला. साहेब पुढे, बाई त्यांच्या डाव्या हाताला अर्धं पाऊल मागे, मेट्रननं चालायचं तिथेच. मागे शिकाऊ मुली, त्यांच्या मागे हर्नियाचे टाके सांभाळत इंद्रजितसिंग. साहेब दारादारांशी थांबत होते, कोणाची उशी, कोणाची नळी, कोणाचा न खाल्लेला नाश्ता. बाईंना इतका आनंद झाला होता की त्यांना चालता चालता गाणं म्हणावंसं वाटत होतं. जिंकलो, असं त्या मनात म्हणाल्या, साहेब उठले, आता साहेब राहतात.

कॉरिडॉरच्या टोकाला डॉक्टर आणि शिशिर समोरासमोर आले. शिशिरच्या हातातला चहाचा कप कलंडला.

“कमाल है,” डॉक्टर म्हणाले. “इनको तो अभी छुट्टी दे सकते हैं. हवाई सफर भी कर सकते हैं, कोई दिक्कत नहीं.”

शिशिर वाकून बाईंच्या पाया पडला. “काकू, तुमचे उपकार कसे फेडू? डॉक्टर म्हणाले होते, बाबा चालते झाल्याशिवाय विमानानं नेता येणार नाही. आधी फोनवर, मग इथे येऊन, रोज बाबांना तेच सांगत होतो मी. तुम्ही उभे राहा, की लगेच निघू आपण. आता शनिवारचं तिकीट काढतो, धुकं नसलं म्हणजे झालं.” आणि तो मोबाईल कानाला लावून खाली सुटलासुद्धा, डिस्चार्जचं बघायला.

करायला गेले गणपती, झाला मारुती, तो असा. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब त्यांच्याकडेच पाहत होते, आणि अशा रागानं की एकाहत्तर सालच्या मुंडावळ्या परवडल्या.

“खोलीत या, मेट्रन,” साहेब म्हणाले.

खोलीत ज्ञानदा नुकतीच येऊन खुर्चीवर टेकली होती. इंद्रजितसिंग दमून पलंगावर चढले. साहेब मात्र बसले नाहीत.

“फील्ड हॉस्पिटलचा पहिला नियम काय होता?” त्यांनी विचारलं. “सांगा. जो चालायला लागला त्याचं काय करायचो आपण?”

“मागच्या गाडीनं रवाना, सर,” बाई सवयीनं म्हणाल्या. आणि बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“मग? दोन आठवडे मी त्या भिंतीचा रंग बघत पडलो होतो तो कशासाठी? हौस म्हणून? पहाटे सगळे झोपलेले असताना पलंगाला धरून फेऱ्या मारत होतो, पाय आखडू नयेत म्हणून. शिशिर म्हणाला, उभे राहा की नेतो. मी म्हटलं, मग राहत नाही उभा. इतका साधा बेत होता. आणि तुम्ही ते... ते सबनीस बँडेज घेऊन आलात.”

बाईंनी पलंगाच्या कडेला बूड टेकलं. पेशंटच्या पलंगावर बसलेल्या नर्सला त्यांनी आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. हयात गेली ढोंगी पकडण्यात, आणि घरचा ढोंगी त्यांच्या नाकासमोर पांघरुणात बोटं हलवत पडला होता. रिपोर्ट चोख. पोटऱ्या जशाच्या तशा. उद्या कोणी नवखी मुलगी हे सांगायला आली असती तर बाईंनी तिला सांगितलं असतं, बाळ, हा पेशंट नाटक करतोय.

“तुम्ही ओळखलं कसं नाहीत याचंच मला नवल वाटत होतं,” साहेबांचा आवाज जरा उतरला. “रोज वाटायचं, आज पकडतील.”

“भ्यायले होते मी,” बाई म्हणाल्या. “भ्यायलेल्या माणसाला दिसत नाही, सर.”

“कशाला भ्यायलात?”

“तुम्ही जाल म्हणून.”

साहेब म्हणाले, “हे आधी सांगायचं होतं.”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

“सांगत होतोच की. पडून.”

इंद्रजितसिंगांना मराठी येत नव्हतं, पण खोलीतली हवा त्यांना समजत होती. त्यांनी ज्ञानदाला खुणेनं विचारलं, मामला काय आहे.

“अंकल, साहब जाना नहीं चाहते. आजी भी चाहती हैं कि वो ना जाएँ.”

“तो बेटे को बोल दो ना जी,” इंद्रजितसिंग म्हणाले. “इसमें क्या है?”

दोघा लढवय्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन आठवडे एकजण पडून होता आणि तीन दिवस दुसरी पट्ट्या बांधत होती, पण हा मार्ग दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता. आता सुचवला गेला तर तो घ्यायचं धाडस होईना.

“मुलगा तुमचा आहे, सर. तुम्ही सांगा.”

“माझं ऐकत नाही तो. तुमच्या पाया पडलाय, तुमचं ऐकेल.”

“मी परकी. मी काय अधिकारानं सांगू?”

हे बाई बोलल्या आणि त्यांना स्वतःलाच ते लागलं. तेवढ्यात शिशिर व्हीलचेअर ढकलत आत आला. तिकीट मिळालं होतं, खिडकीजवळची जागा मिळाली होती, पुण्याच्या केंद्रात खोली ठरली होती. तो एकेक सांगत होता आणि खूश होता बिचारा. त्यात त्याची काय चूक?

बाई उठल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या. पाठ ताठ झाली, हात आपोआप बाजूला आले, रिपोर्ट द्यायला उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

“शिशिर, तुझे बाबा पुण्याला येणार नाहीत.”

“काकू?” शिशिर गोंधळला. “अहो, पण इथे त्यांचं कोण आहे?”

बाईंकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असायचं. कर्नलना, मंत्र्यांना, मरणाच्या दारातल्या पोरांना, सगळ्यांना द्यायला उत्तर असायचं. या प्रश्नाचं उत्तर मात्र दोनच शब्दांचं निघालं.

“मी आहे,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही आहात, ते आहेच हो. पण तुमचंही वय सत्त्याहत्तर आहे, काकू.”

“म्हणजे त्यांच्यापेक्षा मी लहान आहे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, ज्ञानदा आहे, सगळा सेक्टर मला वचकून आहे. त्यांना कोणती गोळी चालत नाही ते मला ठाऊक आहे आणि ते कधी खोटं बोलतात तेही. एवढ्यात नव्हतं कळलं, पण यापुढे कळेल.” इथवर आवाज मेट्रनचा होता. पुढचं बोलताना तो राहिला नाही. “आणि मला ते इथे हवे आहेत, शिशिर. त्यांच्याशिवाय मला करमणार नाही. बास, एवढंच आहे.”

ज्ञानदानं डोळे पुसले. इंद्रजितसिंग एक शब्द न कळता मान डोलावत होते. शिशिर व्हीलचेअरचं हँडल धरून उभा होता, त्यानं वळून बापाकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस,” साहेब म्हणाले. रागानं नाही म्हणाले. “रक्तदाब विचारलास, भूक विचारलीस, खिडकीजवळची जागा चालेल का, तेही विचारलंस.”

शिशिर व्हीलचेअरमध्ये खाली बसला. बसायला दुसरी जागा नव्हती. मग त्यानं नाक पुसलं आणि मान वर केली.

“कुठे राहायचंय तुम्हाला, बाबा?”

“इथे,” साहेब म्हणाले. एवढं सांगून ते खिडकीबाहेर बघायला लागले, आणि बघता बघता त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या बाईंचं मनगट हातात घेतलं. बाई दचकल्या. शिशिरनं पाहिलं, ज्ञानदानं पाहिलं, इंद्रजितसिंगांनी तर उशीवरून मान उचलून पाहिलं.

“नाडी बघतोय,” साहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “फार जलद चालली आहे, मेट्रन.”

“असू दे, सर,” बाई म्हणाल्या, आणि हात त्यांनी तसाच राहू दिला.